हासळी मोडली, पाय चालू ठेवले

पावसात पूर्व द्रुतगती मार्गावर सायकल घसरली आणि डावी हासळी (गळा आणि खांद्याच्या मधलं हाड) मोडली. ऑपरेशन टळलं, पण हात झोळीत. मोठ्या माणसाची हासळी जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तेवढे दिवस लोळून काढले तर दम पार जातो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सायकल घरातच ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारता येईल अशा स्टँडवर) चढवली. खरी अडचण हँडलची. वाकलं की भार खांद्यावर येतो. म्हणून पाठ ताठ, उजवा हात मांडीवर, गिअर हलका आणि बोलता येईल इतपतच जोर. मुंबईच्या दमट हवेत झोळी घामाने चिंब होते, काखेत पुरळ उठतं. त्यावर उपाय: पंखा अगदी समोर, काखेत सुती रुमाल आणि बदलायला दुसरी झोळी. (आईचं एकच, 'कुठे जात नाहीस, मग एवढा घाम कशाला गाळतोस?')

बोटं, मनगट, कोपर हलवत राहिलो, नाहीतर आखडतात. जेवणात अंडी, मटकीची उसळ आणि नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बिल्डिंगचे ओले जिने चढण्याचा व्यायाम मात्र सरळ बाद. रस्त्यावर उतरलो ते एक्स-रे बघून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.