रेडिएटरचा होज घासत होता, त्यावर केलेला उपाय

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांवर जुन्या डिझेल जीपचा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळणं परवडत नाही. बोनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरचा वरचा होज (हे पाणी नेणारा रबरी पाइप) अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, ब्रॅकेटच्या कडेला घासत होता. रबर चकचकीत झालेलं, एका जागी आतले धागे दिसायला लागलेले. धागे दिसले की टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, होज बदलायचाच.

पण नवाही तिथेच घासला असता. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, नुसता पाइप बदलून काय होते? इंजिनच हालून राह्यलं." रेस दिल्यावर इंजिन खरंच एका बाजूला कलत होतं, माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते, रबर दबून गेलं होतं. खरं दुखणं तेच. ते बदललं.

मग ब्रॅकेटची धार कानशीनं मोडली. जुन्या होजचा चांगला तुकडा उभा चिरून नव्यावर बाहीसारखा चढवला नि केबल टाय लावले, होज आवळला जाणार नाही इतपतच. एक्झॉस्टजवळ मात्र प्लॅस्टिकचे टाय नकोत, वितळतात; तिथे रबर लावलेला लोखंडी क्लिप बसवला.

बाहीखाली धूळ शिरते आणि तीच पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून सर्व्हिसिंगला बाही सरकवून आत बघतो. अर्थात इंजिन गार असतानाच.