शोपँचे पियानो-संगीत ऐकण्याची सुरुवात कशी करावी

पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपँकडे (१८१०–१८४९) वळणारे नवे श्रोते बहुधा ‘क्रांतिकारी’ एत्यूद (सरावासाठीची रचना) किंवा ‘पावसाचे थेंब’ प्रेल्यूद (छोटी पियानो-रचना) यांपासून सुरुवात करतात. ही दोन्ही नावे शोपँने दिलेली नाहीत, आणि लंडनच्या वेसेल या प्रकाशकाने त्याच्या रचनांना भावुक शीर्षके जोडली तेव्हा त्याला ते मुळीच रुचले नव्हते. म्हणून नावे बाजूला ठेवावीत आणि ओपस क्रमांकाने, म्हणजे प्रकाशित रचनेला किंवा रचनांच्या संचाला दिलेल्या क्रमांकाने, रचना शोधावी. रेकॉर्डिंग सापडायलाही तेच सोयीचे पडते.

माझ्या मते आरंभ माझुर्कांपासून करावा. माझुर्का हे पोलंडच्या ग्रामीण भागातले तीन मात्रांचे नृत्य असून त्यात जोर पहिल्या मात्रेवर न पडता पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतो. ओपस १७ मधली चौथी, ए मायनर या स्वरश्रेणीतली माझुर्का लावून बोटांवर तीन मोजत राहावे. वादक चांगला असेल तर मोजणी मधूनच चुकल्यासारखी वाटेल, आणि तसे वाटणे योग्यच आहे. चार्ल्स हाले या पियानोवादकाने शोपँला सांगितले होते की, तुमच्या माझुर्का तीनच्या नव्हे, चार मात्रांच्या ऐकू येतात. शोपँने ते साफ नाकारले. पण हालेने तो वाजवत असताना मोठ्याने चार मोजून दाखवल्यावर तो हसला आणि हे या नृत्याचे राष्ट्रीय वैशिष्ट्य आहे, असे त्याने सांगितले.

या नृत्याला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी थोडा इतिहास हवा. १७९५च्या फाळणीनंतर रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला होता, आणि शोपँ वाढला ते वॉर्सा झारच्या सत्तेखाली होते. नोव्हेंबर १८३० च्या आरंभी तो शहर सोडून व्हिएन्नाकडे निघाला. त्याच महिन्याच्या अखेरीस वॉर्सात रशियाविरुद्ध उठाव झाला आणि पुढच्या वर्षी रशियाने तो चिरडला. त्यानंतर पॅरिसमध्ये स्थायिक झालेला शोपँ पोलंडला कधीच परतला नाही, मात्र माझुर्का तो शेवटपर्यंत लिहीत राहिला. परक्या शहरातल्या दिवाणखान्यात बसून गावाकडच्या नृत्याची लय तो जपत होता, हे ध्यानात ठेवून ऐकले की त्यातली हुरहुर वेगळी उलगडून सांगावी लागत नाही.

दुसरी पायरी नॉक्टर्नची, म्हणजे रात्रीच्या शांत भावाच्या, गाण्यासारख्या पियानो-रचनेची. हा प्रकार रूढ केला जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने. शोपँचे ओपस ९ मधले दुसरे नॉक्टर्न पहिल्यांदा ऐकताना सुरावट पूर्ण सोडून द्यावी आणि केवळ डावा हात ऐकावा. तो जवळजवळ अखंड ठेका धरून असतो. दुसऱ्यांदा उजव्या हाताकडे जावे. तीच सुरावट परत येते तेव्हा दर वेळी नव्या अलंकारांनी सजलेली असते. डावा हात लय सांभाळतो आणि उजवा मोकळेपणाने रेंगाळतो किंवा पुढे जातो, अशीच शिकवण शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना देत असे.

शक्य असल्यास हीच रचना त्या काळातल्या प्लेएल पियानोवर वाजवलेली ऐकावी. शोपँचा तो आवडता पियानो होता. आजच्या ग्रँड पियानोपेक्षा त्याचा आवाज लहान असून स्वर लवकर विरतो. शोपँने आयुष्यात जाहीर मैफली फारच थोड्या केल्या. त्याचे खरे वादन मोजक्या श्रोत्यांपुढे, घरगुती बैठकीत होत असे. त्यामुळे आवाज फार मोठा ठेवू नये.

यानंतर ओपस २८ मधली २४ प्रेल्यूद एका बैठकीत, क्रमाने ऐकावीत. चौथ्यात उजवा हात बराच वेळ शेजारच्या दोन स्वरांवरच थबकलेला असतो आणि डाव्या हातातील स्वरसमूह पायरीपायरीने उतरत जातात. शोपँच्या अंत्यविधीत पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हे प्रेल्यूद ऑर्गनवर वाजवले गेले.

ओपस २३, म्हणजे पहिले बालाद (कथाकाव्यावरून नाव पडलेली दीर्घ पियानो-रचना), सर्वांत शेवटी घ्यावे. त्यात कथा शोधत बसू नये, मात्रा मोजाव्यात: संथ प्रस्तावना चारच्या मापात आहे, मुख्य भाग सहाच्या झुलत्या मापात चालतो, आणि अखेरच्या द्रुत भागात लय दोनवर येते. आधी माझुर्का मोजून झाल्या असतील, तर हा बदल लगेच कानाला जाणवेल.