निराशेचं साहित्य वाचताना पेन्सिल कुठे चालवावी

निराशेवरची कथा वाचताना आपलं लक्ष आधी रडण्याकडे जातं आणि वाचन तिथेच फसतं. रडणाऱ्या माणसाला अजून काहीतरी हवं असतं. हताश माणसाचं हवं असणंच आटलेलं असतं. म्हणून पहिल्या वाचनात 'दुःख', 'काळोख' असल्या शब्दांखाली रेघा मारू नका. 'करीन', 'जाईन', 'येईल' अशी भविष्यकाळी क्रियापदं अधोरेखित करा आणि पात्राच्या तोंडून ती कोणत्या पानानंतर नाहीशी होतात ते पाहा. मृत्यू किंवा फसवणूक बहुधा त्याच्या बरीच आधी घडून गेलेली असते. मधल्या पानांत काय झालं, हे दुसऱ्या वाचनात शोधायचं.

तिथे पुष्कळदा ऐकणारं माणूस नसतं. रशियन लेखक चेखवची घोडागाडीवाल्या इयोनाची कथा (१८८६) घ्या आणि समासात टिपत जा: इयोनाने कुणाला सांगू पाहिलं, तो काय म्हणाला, बोलणं कुठे तुटलं. इयोनाचा मुलगा त्याच आठवड्यात गेलेला आहे. गाडीतला लष्करी अधिकारी तो कशाने गेला असं विचारतोसुद्धा. पण रस्त्यात आरडाओरडा होतो आणि मग अधिकारी डोळे मिटून घेतो. पुढे तीन तरुण उतारू बसतात. त्यांतला एक म्हणतो, सगळेच मरणार आहेत, तू गाडी हाक. दरवान इयोनाला पुढे व्हायला सांगतो. रात्री मुक्कामावर एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो आणि इयोनाचं ऐकता ऐकताच झोपी जातो. ऐकायला उरते ती त्याची घोडी. टिपणं पुन्हा वाचा: मुद्दाम छळायला कुणी आलेलं नव्हतं, जो तो आपापल्या घाईत किंवा झोपेत होता. ही कथा इतकी जड का होते, ते या टिपणांतून कळतं. नुसत्या सारांशातून नाही.

कविता मात्र मोठ्याने वाचा, निदान दोनदा. मर्ढेकरांच्या 'काही कविता'मधली (१९४७) पिपात मेलेल्या उंदरांची कविता मनात वाचली तर फक्त किळस उरते. मोठ्याने वाचताना 'माना पडल्या' पुन्हा येतं, 'विण' पुन्हा येतं, आणि 'मुरगळल्याविण' या शब्दावर जीभ अडखळते. मान कुणी मुरगळलेलीच नाही. रागाला समोर कुणीतरी लागतं. इथे कुणीच नाही. असा शब्द सापडला की त्याभोवती गोल करा, बाकीची कविता त्याच्या उजेडात परत वाचा.

नाटकात पुनरावृत्ती मोजा, पण त्याहून जास्त फरक शोधा. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'त दोघे जण गोदोची वाट पाहत असतात. दोन्ही अंक एकाने 'जायचं का?' विचारून, दुसऱ्याने 'चला, जाऊ या' म्हणून आणि कुणीच न हलता संपतात, तरी दुसऱ्या अंकात विचारणारा बदलतो आणि उघड्याबोडक्या झाडाला चार-पाच पानं आलेली असतात. त्यावरून लगेच 'म्हणजे आशा आहे' असा निष्कर्ष काढू नका. पानं टिपून ठेवा, एवढंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पात्राचं वाक्य हेच लेखकाचं मत समजणं. जर्मन लेखक ग्योथेची 'वेर्थर' (१७७४) ही कादंबरी जवळजवळ सगळी वेर्थर नावाच्या तरुणाच्या पत्रांतून येते, त्यामुळे वाचक त्याच्याच डोळ्यांनी बघायला लागतो. शेवटाकडे मात्र संपादकाचा आवाज सुरू होतो. ती जागा नेमकी हेरा आणि त्याआधीची दोन-तीन पत्रं संपादकाच्या अंतरावरून पुन्हा वाचून पाहा.

हे सगळं दिवसा वाचा, एका बैठकीला तीसेक पानांहून जास्त नको. आणि पात्राचा मरणाचा विचार आपलाच वाटायला लागला, तर पुस्तक मिटा आणि त्याच दिवशी जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. पुस्तक नंतर वाचता येतं.