सक्युलंट सुकलंय? पाणी घालण्याआधी मुळं बघा

रोप मलूल दिसलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. सक्युलंटचा, म्हणजे जेड, कोरफडीसारख्या पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या रोपांचा, घात बहुतेक वेळा तिथेच होतो. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, त्यामुळे चिंब मातीतलं रोपही तहानल्यासारखं दिसतं. त्यावर आणखी पाणी ओतलं की उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून रोपाला काय झालंय हे कळेपर्यंत पाणी अजिबात घालू नका. पानांत आणि खोडात साठा असतो, त्यावर ते आठवडाभर सहज तग धरतं.

पान दाबून बघा, मग माती

खालचं एखादं पान दोन बोटांत धरून अलगद दाबा. तहानलेलं पान पातळ आणि सुरकुतलेलं असतं, वाकवलं तरी मोडत नाही आणि त्याचा रंग फारसा बदललेला नसतो. पाणी जास्त झालेलं पान पिवळट, अर्धपारदर्शक, उकडल्यासारखं दिसतं आणि नुसता धक्का लागला तरी गळून पडतं. खोड मातीलगत काळपट आणि मऊ लागत असेल, तर उद्यावर टाकू नका.

मग लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी बाहेर काढा. वरची माती कोरडी दिसते, पण काडीच्या टोकाला ओल असते, असं अनेकदा होतं. पानं सुरकुतलेली आणि माती ओली, ही जोडी दिसली तर मुळं गेलीत असंच धरून चाला. अगदी तळाची एक-दोन पानं कागदासारखी वाळत असतील आणि वरचा भाग टवटवीत असेल, तर मात्र काहीच बिघडलेलं नाही. जुनी पानं तशीच जातात.

खरोखर तहानलेलं असेल तर

हे सोपं प्रकरण आहे. कुंडीच्या मातीत मिसळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (कुजलेलं शेवाळ) पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. वरून घातलेलं पाणी मातीच्या गोळ्याच्या कडेने थेट खाली निघून जातं आणि आतला भाग कोरडाच राहतो. म्हणून कुंडी 20 ते 30 मिनिटं उथळ पाण्यात ठेवा, वरची माती ओलसर झाली की उचला आणि पूर्ण निथळू द्या. दोन ते पाच दिवसांत पानं भरू लागतात. आठवडा झाला तरी फरक दिसला नाही, तर मुळं बघावीच लागतील.

मुळकूज असेल तर

रोप कुंडीतून काढून सगळी ओली माती झटका, गरज पडली तर मुळं पाण्याखाली धुऊन घ्या. आता एकेक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतं. कुजलेल्या मुळाची बाहेरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत येते आणि आत नुसता दोरा उरतो, बहुधा कुबट वासही येतो. अशी मुळं निर्जंतुक केलेल्या कात्रीने बुडापासून कापा. अर्धी मुळं गेली तरी घाबरू नका, कारण कुजकं मूळ मागे राहणं जास्त धोक्याचं असतं.

कूज खोडात शिरली असेल तर खालून सुमारे एक-एक सेंटिमीटरच्या चकत्या करत वर जा. प्रत्येक काप नीट बघा. मधे तपकिरी ठिपका किंवा कडेला गडद कडं दिसलं तर पुन्हा कापा, आणि दर वेळी पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसा. नाहीतर कुजका रस वरच्या चांगल्या भागाला लागतो. काप सगळीकडून एकसारखा हिरवट-पांढरा आला की थांबा. एक ठिपका चालेल म्हणून सोडून दिला, तर दोन आठवड्यांत तेच काम पुन्हा निघतं.

यानंतर धीर धरणं महत्त्वाचं. कापलेलं रोप लगेच लावायचं नाही. सावलीत, हवेशीर जागी कोरडं ठेवा: नुसती मुळं छाटली असतील तर दोन-तीन दिवस, खोड कापलं असेल तर चार ते सात दिवस, आणि जेडसारखी जाड फांदी असेल तर दहा दिवससुद्धा. कापावर टणक, कोरडी खपली धरली की रोप लावायला तयार झालं. दालचिनी किंवा गंधकाची पूड लावली तरी चालते, पण खरं काम खपली करते. ती आली नसेल तर पूड रोपाला वाचवत नाही.

माती आणि कुंडी

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बारीक, गच्च मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहतात, मुळं गुदमरतात आणि मग बुरशी आपला डाव साधते. एक भाग साधी कुंडीची माती आणि दोन भाग खरखरीत खडा घ्या: प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), पर्लाइट (ज्वालामुखी काचेचे फुलवलेले पांढरे दाणे) किंवा 3 ते 5 मिलिमीटरची धुतलेली बारीक खडी. बारीक वाळू टाळा, ती मातीत बसून मिश्रण आणखी घट्ट करते. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच रुंद हवी आणि तळाला भोक हवंच. तळाशी दगडांचा थर घालू नका. पाणी बारीक मातीतून जाड थरात सहज उतरत नाही, त्यामुळे ओल उलट मुळांच्या जवळ येते.

रोप कोरड्या मिश्रणात लावा. मुळं शाबूत असतील तर चार-पाच दिवसांनी पहिलं पाणी द्या. बिनमुळाच्या फांदीला नवी मुळं फुटायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, तोवर आठवड्यातून एकदा कडेने थोडीशी ओल पुरते. रोप हलकेच वर ओढल्यावर अडल्यासारखं वाटलं की मुळं धरली. त्यानंतर पाणी भरपूर द्यायचं, पण माती तळापर्यंत वाळल्यावरच. नवी वाढ दिसेपर्यंत खत नको.

शेंडाच वाचला नाही तर

एचेवेरिया, सेडम, जेड यांची धडधाकट पानं बुडापासून अख्खी काढा आणि तीन-चार दिवस वाळू देऊन मातीवर नुसती ठेवा. बुडाशी गुलाबी मुळं आणि मग इवलंसं रोप फुटतं. जुनं पान आपोआप सुकेपर्यंत तोडू नका, पिल्लू त्याच्यावरच पोसलं जातं. कोरफडीचं पान मात्र असं लागत नाही, तिची पिल्लंच वेगळी करावी लागतात. पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटच्या पानाच्या तुकड्यापासून रोप होतं, पण कडा हिरवीच येते. पिवळी कडा हवी असेल तर त्याचाही गड्डा वाटून लावा.

उजेड आणि कीड

खोड लांबत गेलं आणि पानं विरळ झाली, तर उजेड कमी पडतोय. लांबलेला भाग पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून वर सांगितल्यासारखाच वाळवून लावा, उरलेल्या बुंध्यालाही बहुधा फुटवे येतात. अशक्त रोप एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं भाजतात आणि ते डाग कायमचे राहतात, म्हणून दहा ते चौदा दिवसांत हळूहळू उजेड वाढवा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. रोप आधी इतरांपासून दूर ठेवा. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुंजका टिपा, आणि अल्कोहोल उडेपर्यंत रोप उन्हात नेऊ नका. एचेवेरियाच्या पानांवरचा पांढरा मेणाचा थर अल्कोहोलने पुसला जातो, त्यामुळे आधी एका पानावर करून बघा. एका वेळेत काम होत नाही, कारण अंडी मागे राहतात. दर पाच-सात दिवसांनी निदान चार वेळा टिपा. पुंजके तरीही परत येत असतील तर रोप उपटून मुळांवर पांढरी भुकटी आहे का बघा. असेल तर जुनी माती पूर्ण टाकून द्या, मुळं धुऊन वाळवा आणि नव्या मिश्रणात लावा. कुंडी तीच वापरायची असेल तर साबणाने आतून घासून घ्या.