महाविद्यालयात कर्करोगाविषयी सत्र घ्यायचे असेल तर

४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन जवळ आला की महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतात, एखादे व्याख्यान होते आणि आभारप्रदर्शनानंतर सभागृह रिकामे होते. विद्यार्थ्यांसाठी अशी सत्रे घेताना माझी एकच कसोटी ठरून गेली आहे. शरीरातल्या कोणत्या बदलाची किती दिवस वाट पाहायची आणि नंतर कोणाकडे जायचे, हे बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे. सत्राची सगळी आखणी या कसोटीवर करावी.

तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. ग्रंथालयाच्या दाराशी एक बंद पेटी ठेवून निनावी चिठ्ठ्या मागवाव्यात, कारण या वयात जे प्रश्न सर्वांत जास्त छळतात ते चारचौघांत हात वर करून विचारले जात नाहीत. वहीच्या पानाचा कोपरा फाडून पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी मला आजही आठवते: ‘मामांना कर्करोग आहे. मी त्यांच्या ग्लासातून पाणी प्यायलो. मला होईल का?’ शेवटचे तीन शब्द एकदा खोडून पुन्हा लिहिलेले होते. अशा चिठ्ठीने सत्राची सुरुवात करावी आणि उत्तर निःसंदिग्ध द्यावे: कर्करोग स्पर्शाने, उष्ट्या पाण्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही, तेव्हा मामांजवळ खुशाल बसावे.

याच उत्तरातून लसीकडे वळता येते. कर्करोग संसर्गजन्य नसला, तरी त्याला कारण ठरणारे काही विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यांपैकी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींवर लस उपलब्ध आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीमुळे होतो, या शोधासाठी हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लस त्याआधीच, २००६ पासून, वापरात आली होती. ती घेण्याचे सर्वांत योग्य वय ९ ते १४ वर्षे असले, तरी त्या वयात राहून गेलेल्यांना अनेक देशांत २६ व्या वर्षापर्यंत ती देतात, म्हणून विद्यार्थ्यांनी ‘आता उशीर झाला’ असे मानून न थांबता डॉक्टरांना विचारावे. हा भाग मुलांना बाहेर पाठवून केवळ मुलींना सांगण्याची पद्धत मला चुकीची वाटते. हाच विषाणू घशाच्या, गुदद्वाराच्या आणि शिश्नाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे योग्य वयात गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करून घ्यायची असते, हे याच वेळी सांगावे.

तंबाखूबद्दल बोलताना सडलेल्या तोंडांची छायाचित्रे दाखवू नयेत. ज्याला व्यसन लागले आहे तो विद्यार्थी त्या क्षणी मान खाली घालतो आणि पुढचे काहीच ऐकत नाही. त्याऐवजी सवय जडते कशी ते समजावून सांगावे. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, त्यामुळे मेंदू तो आराम आणि ती कृती यांची पक्की सांगड घालतो. सोडताना होणारी चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि काही आठवड्यांत ओसरते. तलफेची एकेक लाट तर काही मिनिटांचीच असते. हे आधी माहीत असलेला विद्यार्थी तिसऱ्या दिवशी हार मानण्याची शक्यता कमी असते. चघळण्याची तंबाखूही कर्करोगकारक आहे आणि मद्यही त्याच यादीत येते, हे स्पष्ट सांगावे.

त्यानंतरची दहा मिनिटे प्रत्यक्ष तपासणीला द्यावीत. आरसा आणि चांगला उजेड एवढे पुरते. ओठ उलटून पाहावेत, गालांच्या आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जीभ वर उचलून तिच्याखालचा भाग पाहावा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत बरी न झालेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्याकडे किंवा डॉक्टरांकडे जावे. मुलांना वृषणांची तपासणी घरी, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, करायला सांगावी: अंगठा आणि बोटे यांमध्ये प्रत्येक वृषण हलकेच फिरवून कठीण गाठ लागते का ते पाहावे. हा कर्करोग प्रामुख्याने तरुण वयातच होतो आणि लवकर लक्षात आल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात, पण लाजेपायी महिने वाया जातात. मुलींनी स्तनांचा नेहमीचा आकार आणि स्पर्श ओळखून असावे. या वयातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात, हे आवर्जून सांगावे. तरीही नवी गाठ स्वतःच निकाल लावून सोडून देऊ नये. मानेत किंवा काखेत न दुखता वाढणारी गाठ, कारण नसताना उतरणारे वजन, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि वारंवार येणारा ताप हीही लक्षणे सांगावीत, कारण लसिकाग्रंथींचे आणि रक्ताचे कर्करोग तरुणांनाही होतात. लघवीतून किंवा शौचातून रक्त गेल्यास मात्र तीन आठवडे थांबू नये.

सत्र संपल्यावर डॉक्टरांना लगेच निरोप देऊ नये. त्यांनी एका स्वतंत्र खोलीत निदान तासभर बसावे आणि दार व्यासपीठासमोर उघडणारे नसावे. खरे प्रश्न घेऊन येणारे विद्यार्थी गर्दी पांगल्यावरच येतात. जवळच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि व्यसनमुक्ती समुपदेशनाचा क्रमांक फळ्यावर लिहावा आणि तो त्या दिवशी पुसू नये. तीन आठवड्यांनी त्याच वर्गात पुन्हा पंधरा मिनिटे मागून घ्यावीत आणि पेटी पुन्हा फिरवावी. या वेळी एकच प्रश्न द्यावा: डॉक्टरांकडे जायचे ठरवूनही अजून गेला नसाल, तर अडले कशामुळे?