प्रेसच्या पोर्टमधून तेल झिरपत होतं, दोष आट्यांचा निघाला

उद्यमनगरातल्या आमच्या शॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राच्या) अर्धा इंची पोर्टमधून, म्हणजे तेलाची लाइन जोडायच्या भोकातून, प्रेशर चढलं की तेल झिरपायचं. आट्यांवर टेफ्लॉन टेप वाढवला, पान्याला पाइप लावून आवळलं, पोर्टमध्ये बसणारा जोड, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, तसलाच नवा आणला. महिनाभर नुसता वैताग.

शेवटी जाडी मोजायला व्हर्नियर लावला. अ‍ॅडॉप्टरचे आटे टोकाला बारीक, मागे जाड. १६ मिमी लांबीत १ मिमी फरक, म्हणजे टेपर. पोर्ट मात्र पॅरलल, म्हणजे आत-बाहेर सारख्याच मापाचा, तोंडाशी सपाट फेस (बैठक) मारलेला. दोन्हीकडे इंचाला १४च आटे, म्हणून टेपर अ‍ॅडॉप्टर पॅरलल पोर्टमध्ये बसतो आणि फसवतो.

पंप बंद करून प्रेशर शून्यावर आणलं. पोर्टमधला टेफ्लॉनचा कचरा काढला, फेस पुसला. पॅरलल अ‍ॅडॉप्टरला डाउटी वॉशर (आतून रबर चिकटवलेलं धातूचं कडं) घालून आधी हातानं पूर्ण बसवला, मग पान्यानं आवळला. टेफ्लॉन अजिबात नाही. इथे तेल वॉशर अडवतो, आटे नव्हे. तासभर फुल प्रेशरवर चालवला. कोरडा ठणठणीत.