विंडोज ११ टाकायच्या घाईत या चुका टाळा

तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलं की कोणत्या महिन्यात काय येणार ते ठरलेलं असतं. पावसाळ्यात वीज पडून जळालेले राउटर, मे महिन्यात धुळीनं तापून बंद पडणारे सीपीयू. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून आणखी एक प्रकार बारमाही झाला आहे. मशीन चांगलं चालू होतं, मालकानं रात्री हौसेनं विंडोज ११ टाकलं, आणि सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना प्रिंट निघत नाही. मग फोन: "भाऊ, कालपर्यंत तं चालू होतं!"

कालपर्यंत चालू होतं, म्हणूनच हात लावायच्या आधी विचार करायचा होता.

पहिली चूक भीतीपोटी होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, हे खरं. पण गावोगाव पसरलं ते असं की त्या तारखेला मशीनच बंद पडणार. काही दुकानदारांनी या भीतीवर नवीन मशीन विकून घेतल्या. प्रत्यक्षात बंद झाल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. मशीन चालूच राहते, फक्त नव्यानं सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, लोकांचे आधार नंबर टाकले जातात, तिथे हा धोका खरा आहे आणि दर महिन्यानं वाढणारा आहे. त्यावरही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय ठेवलेली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसेही लागत नाहीत. म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. तो वेळ न घेता रात्री अकरा वाजता पेनड्राइव्ह लावणाऱ्यांसाठी पुढचं सगळं लिहितो आहे.

"सी मध्ये विंडोज असते, डी ले काय होते?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकताच समोरच्याला आधी खुर्चीवर बसवतो.

दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका गावात एकांचं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं. तुळशीचं लग्न लागलं की त्यांना जेवायला फुरसत नसते. मशीन २०१९ ची, आठव्या पिढीच्या प्रोसेसरची, म्हणजे विंडोज ११ ला चालणारी. दिवाळीच्या सुट्टीत डिप्लोमा करणारा पुतण्या आला आणि म्हणाला, "काका, मी टाकून देतो ना, कायले पैसे देता?"

तपासणीच्या प्रोग्रामनं सांगितलं की सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षेची तपासणी, ११ ला ती लागते) नाही. कारण साधं होतं. मशीन नवी असली तरी आधी कोणीतरी विंडोज १० जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलं होतं आणि डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची होती. पोरानं व्हिडिओ पाहून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत चालू केली. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला आणि अडला: डिस्क एमबीआर आहे, जीपीटी ही नवी मांडणी पाहिजे. व्हिडिओतल्या गड्यानं यावर तीन ओळी सांगितल्या होत्या. डिस्कपार्ट (डिस्कची वाटणी करायचं विंडोजचं टूल) उघडा, सिलेक्ट डिस्क शून्य, क्लीन.

क्लीन म्हणजे सी साफ, अशी त्याची समजूत. पण सी, डी, ई ही एकाच हार्डडिस्कची वाटणी आहे, आणि ती आज्ञा अख्ख्या डिस्कची वाटणीच पुसून टाकते. विचारत नाही, थांबत नाही. पोरानं वर नवीन ड्राइव्ह पाडले, विंडोज टाकलं, ऑफिस टाकलं. दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले ते हसतच: "भाऊ, विंडोज लय मस्त पडलं. फक्त डी नाही दिसून रायला."

डी मध्ये त्यांच्या सगळ्या पत्रिकांच्या कोरल ड्रॉच्या फाइली होत्या. गणपतीची चित्रं, नक्षी, गावातल्या प्रत्येक घराण्याच्या नावांची यादी. मी ताबडतोब मशीन बंद करायला लावली, कारण चालू मशीन जुन्या डेटावर लिहीतच राहते. डिस्क काढून दुसरीकडे लावली आणि रिकव्हरीचा प्रोग्राम रात्रभर चालवला. फोटो बरेच निघाले, पण नावं गेली, फोल्डर गेले, नुसते आकडे. कोरलच्या अर्ध्याहून जास्त फाइली उघडल्याच नाहीत, जिथे त्या होत्या तिथेच नवीन विंडोज येऊन बसलं होतं. शेवटी गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले पत्रिकांचे फोटो होते, त्यावरून काकूंनी आणि पोरानं मिळून मजकूर पुन्हा टाइप केला. पोरगा त्या दिवसांत फार गुणी झाला होता.

आता यावर उपाय. विंडोज १० मध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल आहे, ते डेटा न पुसता मांडणी बदलतं. मात्र डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असले किंवा डी-ई एक्स्टेंडेड प्रकारात पाडलेले असले, तर ते नकार देतं, आणि आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये हेच सापडतं. मला कोणी विचारलं तर मी टूलच्या भानगडीतच पडत नाही. जुनी डिस्क काढून टेबलावर ठेवतो. नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान चिपवाली डिस्क, लावतो, तिच्यावर विंडोज टाकतो, आणि सगळं नीट चाललं की जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून डेटा आणतो. डिस्क मशीनमध्येच नाही तर ती पुसणार कशी? शिवाय साध्या हार्डडिस्कवर विंडोज ११ गोगलगाईसारखं चालतं, एसएसडी तशीही लागणारच होती. हातात एकाच वस्तूचे पैसे असतील तर एसएसडीच घ्या, रॅमचं नंतर पाहू.

"आय-फाइव्ह आहे ना?"

आय-फाइव्ह तिसऱ्या पिढीचाही असतो आणि बाराव्या पिढीचाही. नावानंतरचा आकडा वाचा. ३४७० असेल तर तिसरी पिढी, ८२५० असेल तर आठवी. इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी रायझनची २००० मालिका आणि त्यांच्या पुढचंच विंडोज ११ च्या यादीत आहे. सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. रॅमचा तो आकडा कागदावरचा, ८ च्या खाली मी कोणाला टाकून देत नाही. टीपीएम नाही असं दिसलं तर लगेच मशीन बाद करू नका. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाका. आठव्या पिढीच्या कित्येक मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये पीटीटी नावाखाली बंद ठेवलेलं असतं. एएमडीत त्याला एफटीपीएम म्हणतात.

जुन्या मशीनवर तपासणी चुकवून ११ घुसवता येतं, मला माहीत आहे, सांगायला येऊ नका. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षेसाठी ११ टाकायचं आणि तेच हातून घालवायचं, यात शहाणपण कोणतं? सेकंडहँड लॅपटॉप घेताना "११ आहे" यावर भुलू नका, ते कसं टाकलं आहे ते विचारा. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही.

जूनमध्ये हात लावणारे

सेवा केंद्रवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल यांची रांग लागते, आणि ती ओसरत नाही तोवर पीकविमा येतो. नेमकं याच काळात "मशीन हळू झाली" म्हणून विंडोज बदलायची हुक्की येते. हळू झाली कारण ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे आहेत.

विंडोज चालेल हो. पण केंद्र विंडोजवर चालत नाही. ते चालतं अंगठ्याच्या मशीनवर, तिला आधारशी जोडणाऱ्या आरडी सर्व्हिसवर, डिजिटल सहीच्या टोकनवर, स्कॅनरवर आणि दहा वर्षं जुन्या प्रिंटरवर. यातल्या एकाचाही ड्रायव्हर बसला नाही तर दिवस गेला. म्हणून माझी सवय अशी: एका कागदावर मशीनला लागलेली प्रत्येक वायर लिहायची. वायरीच्या दुसऱ्या टोकाला जे आहे त्याचं मॉडेल लिहायचं, आणि त्या त्या कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवायचा. ड्रायव्हर सापडत नसेल तर तिथेच थांबायचं. ज्या केंद्रचालकाला हा कागद करायचा कंटाळा येतो त्याला मी सरळ सांगतो, दिवाळीनंतर ये.

मराठी टायपिंगचंही त्याच कागदावर लिहा. कृतीदेवसारखा फॉन्ट कॉपी करून नेता येतो, पण टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला किंवा डोंगलला बांधलेलं असतं. विंडोज पुसल्यावर ते आठवून उपयोग नाही.

आणि कृषी केंद्रवाल्यांपैकी ज्यांचा हिशेब अजून डॉसवरच्या फॉक्सप्रोत आहे, त्यांनी ११ चा नादच सोडावा. ते प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर कसेबसे चालतात, आणि ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुनी मशीन नेटची वायर काढून हिशेबाला ठेवा, नेटच्या कामाला वेगळी घ्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

क्रॅक टाकायला अँटिव्हायरस बंद करा म्हणणाऱ्याला मशीनजवळ येऊ देऊ नका. ओरिजिनल १० असेल तर ११ फुकटच आहे.

लाइट गेली तर किती वेळ निघेल हे माहीत नसताना अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून, डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर.

रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर पाच जीबीहून मोठी फाइल उतरवायला बसू नका. पेनड्राइव्ह घेऊन दुकानात या, चहा पिऊन जा.

दुकानातल्या पोराच्या ईमेलनं विंडोजमध्ये लॉगिन करू नका. २४एच२ नव्यानं टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं उघडलं की बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जाते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ती मागितली जाते, आणि पोरगा तोवर पुण्यात असतो, नंबर बदललेला. किल्ली कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा.

चौथ्या-पाचव्या पिढीची मशीन भंगारात देऊ नका. शाळेला किंवा पोरांच्या अभ्यासाला विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या अपडेटची, आवृत्ती टाका, मोफत आहे. केंद्राच्या कामाला मात्र लिनक्स सुचवत नाही, अंगठ्याच्या मशीनशी अडतं.

आता राहिली शेवटची गोष्ट, परत येण्याची. १० वरूनच अपग्रेड केलं असेल, पुसून टाकलं नसेल, तर सेटिंगमधल्या रिकव्हरीतून जुनं विंडोज परत आणता येतं. मुदत दहा दिवस. जागा कमी आहे म्हणून त्याआधीच विंडोज डॉट ओल्डचा फोल्डर, म्हणजे जुनं विंडोज ठेवलेली जागाच, उडवणारे बहाद्दर आहेत, त्यांची वाट बंद. आणि दहा दिवस नुसते वॉलपेपर पाहण्यात घालवू नका. पहिल्याच दिवशी एक अंगठा लावून पाहा, टोकननं एक सही करून पाहा, एक पान स्कॅन, एक मराठी अर्ज टाइप, दोन्ही प्रिंटरवर एकेक प्रिंट. अडलं तर चौथ्या दिवशी या, अकराव्या दिवशी नको.